सातवा जाळ

“आवं, ह्ये बगा जरा. हितं लाकूड हाय.”

हौसा धुराड्यात अर्धी शिरली होती. मागच्या भिंतीच्या दोन विटा हलवल्या तशा सुटून आल्या होत्या आणि त्या भोकात हात घालून ती चाचपत होती. मी तिला बाजूला सारलं, मान आत घातली आणि काडी ओढली. विटांच्या मागं दोन बोटांवर सागाचा आडवा वासा दिसला. पूर्वी दगडी भिंत धरून ठेवायला तिच्या पोटात असं लाकूड घालायचे. काळाभोर, इंग्रजाच्या काळातला वासा.

“दिसलं,” मी म्हणालो. “लाव विटा परत.”

“सरांना सांगा की.”

“काय सांगू? शंभर वर्सं जाळ झाला या धुराड्यात. झालं काय त्या लाकडाला?”

“तवा उघडा जाळ हुता. आता लोखंडाची पेटी बसनार.”

“मिस्त्री कोण? तू का मी?”

तिनं हात पदराला पुसला आणि गारा कालवायला गेली. जाता जाता एवढंच म्हणाली, “पलीकडं लेकरू निजतंय, म्हनून म्हनलं.”

विटा मीच बसवल्या. वरून गारा लिंपला, हातानं गुळगुळीत केला. लाकूड होतं की नव्हतं, कुणाला कळलं नसतं.

मी वाईचा शिदू. धंदा भट्टीमिस्त्रीचा. पावाच्या बेकरीतली भट्टी बांधायची म्हटलं की सातारा-कऱ्हाडपासून मला बोलावणं यायचं, आणि त्याचा मला माज होता. आता सांगायला हरकत नाही. कासमभाई वस्तादानं मला बोट धरून काम शिकवलं, पण चाळिशी यायच्या आत मी वस्तादालाही शिकवायला निघालो होतो. हौसा माझी बायको, आणि माझी गारेवालीही तीच. लग्नाला बारा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. लोक बोलायचे ते ती ऐकून घ्यायची आणि गाऱ्यात पाय तुडवायची. तिच्यासारखा गारा वाईत कुणाला जमत नव्हता, हे मी सगळ्यांना सांगायचो. तिला मात्र कधी सांगितलं नाही.

ही गोष्ट सत्त्याऐंशीच्या डिसेंबरातली, पाचगणीची. अमोलिक सर तिथल्या एका बोर्डिंग शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झाले होते. गावाबाहेर त्यांचा जुना दगडी बंगला. मुलगी करुणा बाळंतपणाला माहेरी आली आणि आठव्या महिन्यातच मोकळी झाली. पोरगा जेमतेम पावणेदोन किलोचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, याला ऊब पाहिजे, गारठा लागला तर हाताला लागणार नाही. आणि पाचगणीचा डिसेंबर म्हणजे सकाळी बादलीतल्या पाण्याला हात लावायची चोरी.

हॉलमध्ये धुराडं होतं, पण त्यात लाकूड जाळलं की निम्मी ऊब वर आभाळात आणि निम्मा धूर घरात. म्हणून सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मुंबईहून टेम्पोत घालून लोखंडाची बंद शेगडी पाठवली होती. पुढं काचेचं दार, वरून धुराला नळी. ती पेटी धुराड्याच्या तोंडात बसवायची, नळी वर चढवायची, आणि पेटी आणि भिंत यांच्यामधली पोकळी भरून घ्यायची. एवढंच काम. म्हटलं तर चार दिवसांचं.

सरांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. शेजारी पिवळसर लोकरीचे तीन गठ्ठे ठेवले होते.

“मिस्त्री, ही दगडापासून केलेली लोकर. हिला आग लागत नाही, आणि ही उष्णता पलीकडं जाऊ देत नाही. पेटीच्या मागं आणि दोन्ही बाजूंना ही दाबून बसवायची. उष्णता पुढं खोलीत आली पाहिजे, मागं भिंतीत जाता कामा नये. कळलं?”

“कळलं की.”

“नक्की?”

“सर, आक्खी हयात जाळात गेली माझी.”

मनात म्हटलं, उंटावरचा शहाणा. हा कापूस भरून कुठं ऊब राहते होय? आमच्या भट्टीची रीत वेगळी. फरशीच्या खाली आणि बाजूला वाळू, बाटल्यांच्या काचांचा चुरा आणि खडेमीठ ठासून भरायचं. मीठ तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की ऊब सोडत नाही. संध्याकाळी जाळ विझवा, पहाटे त्याच उबेवर पाव फुगतो. माझ्या भट्ट्यांचं नावच होतं त्यासाठी.

आणि मला वर एक शक्कल सुचली होती. धुराड्याच्या मागच्या भिंतीला लागूनच करुणाची खोली. मीठ भरलं की भिंत तापणार. भिंत तापली की एका जाळात दोन खोल्या उबदार. सर पुस्तकातले, त्यांना हे कुठून सुचणार? लोकरीचा एक गठ्ठा मी वर नळीभोवती कोंबला, दाखवायला. दोन गठ्ठे मागच्या पडवीत सरपणाखाली सारले. मागं आणि बाजूंना पोतंभर मीठ, काच, वाळू. सर तेव्हा औषधं आणायला साताऱ्याला गेले होते.

वाईट हेतू नव्हता, हे खरं. पोराला ऊब मिळावी असंच वाटत होतं. पण माझ्या हातानं मिळावी, असं जास्त वाटत होतं.

वस्तादाची एक रीत होती. नवी भट्टी बांधली की मिस्त्रीनं लगेच गाठोडं उचलायचं नाही. सात दिवस सात जाळ. पहिला काटक्यांचा, मग रोज थोडा वाढवायचा, म्हणजे ओलावा निघतो आणि चीर पडत नाही. सातवा जाळ भरपूर, आणि तो मिस्त्रीच्या बायकोच्या हातानं पेटवायचा. वस्तादाची बायको बिस्मिल्ला म्हणून काडी लावायची. हौसा हळदकुंकू वाहायची. मग त्या घरची बाई तिची ओटी भरायची. बाराही वर्षं हौसानं एक सातवा जाळ चुकवला नव्हता. दुसऱ्या कुठल्या कार्यात तिची ओटी भरायला कुणी पुढं येत नसे, म्हणून तिला त्याचं भारी अप्रूप.

सरांच्या बायकोला, अमोलिकबाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या. “आम्ही ख्रिस्ती माणसं, आमच्यात ओटी नाही. पण तुझी रीत आहे ना? मी खण आणून ठेवते.” आणि खरंच बाजारातून हिरवा खण आणून त्यांनी ट्रंकेवर ठेवला.

सातवा जाळ सोमवारी होता. सरांनी शाळेच्या मुख्याध्यापकांना बघायला बोलावलं होतं. शाळेच्या वसतिगृहांत अशीच नऊ धुराडी होती. “हे नीट झालं तर ती नऊ तुमची,” सर म्हणाले होते. नऊ धुराडी म्हणजे दोन वर्षांचं काम, तेही पाचगणीच्या शाळेत.

पहिले तीन जाळ झाले आणि घरात माझं कौतुक सुरू झालं.

“शिदू, भिंत काय उबदार झालीय रे,” बाई म्हणाल्या. “तुझ्या हाताला गुण आहे.”

करुणानं आपली खाट ओढून भिंतीला लावली. उशाशी भिंत, भिंतीला लागून पोरगं. चौथ्या दिवशी पोरगं पहिल्यांदा अंग ताणून, मुठी सोडून झोपलं. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले वजन धरतंय. मी पडवीत बसून बिडी ओढत ते ऐकलं आणि छाती दोन बोटं वर आली.

हौसा दिवसभर करुणाच्या खोलीतच असायची. आमच्याकडं वांझ बाईच्या हातात ओलं पोर देत नाहीत. बाईंच्या मनात काय होतं कुणास ठाऊक, त्या नुसत्या बघत राहायच्या. पण करुणानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “हौसाताई, तेल लावता का याला? माझ्या हातातून निसटेल अशी भीती वाटते.” तेव्हापासून सकाळचं तेल हौसाचं. ती त्या एवढ्याशा पायांना तेल चोळायची आणि मला विसरून जायची. जेवायला चार हाका माराव्या लागायच्या.

बाळंतिणीला दोन वेळा धुरी चालायची. निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं. खोलीभर धूर. घरालाच तो वास बसला होता.

पाचव्या दिवशी, शनिवारी, हौसा म्हणाली, “भिंत लईच तापतीया.”

“तापायलाच बांधलीय.”

“वास येतोय कसलातरी.”

“धुरीचा.”

“धुरीत करपट वास न्हाई येत.”

“शेपा करपल्या असतील. हौसे, डोकं खाऊ नको. परवा सातवा जाळ झाला की सुटलो.”

ती माझ्याकडं बघत राहिली. “त्या लाकडाचं एकदा सरांना सांगा. अजून येळ हाय.”

“आणि मग? म्हणायचं, सर, दिसलं होतं पण लिंपून टाकलं? नऊ धुराडी जातील हातची. तोंड उघडशील तर याद राख.”

हे मी म्हणालो. याच शब्दांत म्हणालो.

रविवारी सकाळी मी सहावा जाळ घातला. जाडी लाकडं, दार बंद, वारा बेताचा. काचेतून जाळ झकास दिसत होता. सर आणि बाई नऊला चर्चला गेले. बाहेर धुकं इतकं, की फाटकापर्यंत जाईतो दोघं दिसेनाशी झाली.

तासाभरानं हौसा पडवीत आली. हात तेलाचे.

“आज धुरी दिली न्हाई,” ती म्हणाली.

“मग?”

“बाई गडबडीत गेल्या. निखारं केलंच न्हाईत. काल रातीची धुरी कवाच गेली. मग ह्यो वास कसला?”

मी उठलो. करुणाच्या खोलीत पाय टाकला आणि नाकात आला. ओवा नाही, शेपा नाही. सागाचं तेलकट लाकूड आतल्या आत धुमसतं तेव्हा येतो तो वास. मला तो माहीत नव्हता असं नाही.

वस्ताद सांगायचा, भट्टीच्या भिंतीला बाहेरून तळहात लाव आणि पाचपर्यंत मोज. पाच झाले तर भट्टी चांगली. मी करुणाच्या उशाच्या वर हात ठेवला. एक, दोन. तीन म्हणेपर्यंत हात आपोआप मागं आला. आणि चुन्याच्या गिलाव्याला एक चीर दिसली, केसासारखी. तिच्या कडेनं पिवळा डाग धरला होता. तो वासा तसाच भिंतीतून कोपऱ्यातल्या लाकडी खांबाला जात होता, आणि खांबावर सगळं लाकडी छत.

पोरगं त्या चिरेखाली झोपलं होतं.

“ताई,” मी करुणाला म्हणालो. “पोराला घेऊन बाहेर जावा.”

“बाहेर? या धुक्यात? का हो, काय झालं?”

“भिंतीत लाकूड धुमसतंय. आत्ता जावा.”

तिला उभंच राहवेना. टाके ओले, पाय लटपटत होते. हौसानं पोराला उचललं, दुसऱ्या हातानं करुणाला धरलं, खांद्यानं दार ढकललं. मी हॉलमध्ये धावलो. आधी जाळ काढायला हवा होता. पाणी मारावं तर तापलेलं लोखंड तडकणार, काच फुटणार. फावड्यानं पेटती लाकडं घमेल्यात ओढली आणि अंगणात नेऊन ओतली. चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला बाहीनं पेट घेतला, तो धोतरावर चोळून विझवला.

पण जाळ काढून काय होणार होतं? मीठ तापलेलं होतं. पोतंभर मीठ, माझ्या हातानं ठासलेलं, रात्रभर ऊब न सोडणारं. ज्या गुणाची मी बढाई मारत होतो तो गुण आता लाकडाला भाजत बसला होता.

भिंत फोडण्यावाचून इलाज नव्हता. आणि फोडली की वारा आत जाणार, धुमसणारं लाकूड पेट घेणार, हेही कळत होतं. मी अंगणातून गाऱ्याचं टोपलं ओढत आणलं. हौसानं सकाळीच कालवून ठेवलेला ओला गारा, सोमवारच्या शेवटच्या हातासाठी. पाण्याचे दोन हंडे आणले. खाट लाथेनं बाजूला केली आणि छिन्नी लावली.

तिसऱ्या घावाला गिलावा सुटला. धूर असा आला की डोळे मिटले. दोन दगड मोकळे झाले. एक छिन्नीनं निघेना, तो हातानं ओढला. कातडं त्याला चिकटून राहिलं, मला नंतर कळलं. आत वासा दिसला, कोळशासारखा. बघता बघता वारा लागला आणि त्या काळ्यावर लाल रेघ पळत गेली, खांबाच्या दिशेनं.

मी गारा मारत सुटलो. मूठ भरायची, फेकायची, दाबायची. पाणी ओतायचं, वाफ आली की मागं सरायचं, परत गारा. पुढचा दगड काढायचा, लाल रेघेच्या पुढं जायचं, तिथं गारा. मनात देवाचं नाव वगैरे काही नव्हतं. एवढंच होतं, की हे खांबाला लागलं तर घर जाणार, आणि बाहेर थंडीत ते पोर जाणार. दोन्हीकडून मीच.

खांब हातभर उरला तेव्हा रेघ थांबली. मी हात घालून बघितलं. पुढचं लाकूड गरम होतं, पण शाबूत होतं. तिथंच जमिनीवर बसलो.

बाहेर व्हरांड्यात आलो तर करुणा खुर्चीत शाल गुंडाळून बसली होती, दात वाजत होते. पोरगं दिसेना.

“पोरगं कुठाय?”

हौसा भिंतीला टेकून खाली बसली होती. तिनं नुसती हनुवटी हलवली. चोळीच्या आत, उघड्या छातीला लावून तिनं त्याला धरलं होतं, वरून पदर, वरून माझं घोंगडं. त्याचं टाळूवरचं जावळ तेवढं दिसत होतं.

“ओठ निळं पडलं हुतं,” ती हळूच म्हणाली. “आता बरं हाय. श्वास लागतोय मला त्याचा.”

“ताईंनी वाचवलं त्याला,” करुणा म्हणाली. रडत होती. “मला तर काही सुचतच नव्हतं.”

हौसाच्या तोंडावर असं काही होतं, जे मी बारा वर्षांत बघितलं नव्हतं. माझ्याकडं तिचं लक्षही नव्हतं.

अकराच्या सुमाराला सर आणि बाई आले. अंगणात विझलेली लाकडं, दार सताड उघडं. सर सरळ आत गेले. मी मागून गेलो. करुणा बाईंच्या आधारानं दारात येऊन उभी राहिली, आणि पोराला छातीशी धरून हौसा तिच्या मागं.

सरांनी चष्मा पुसला, भोकात वाकून पाहिलं. खिशातल्या पेन्सिलीनं कोळसा टोकरला. पेन्सिल अर्धी आत गेली.

“मिस्त्री, माझी लोकर कुठं आहे?”

“एक गठ्ठा वर नळीभोवती घातला, दोन पडवीत आहेत. मागं मीठ भरलं. भट्टीसारखं.” हे मी खरं सांगितलं.

“मीठ,” सर म्हणाले. “ठीक. तुम्ही भट्टीवाले, तुम्हाला ऊब धरून ठेवायची सवय. तुम्हाला वाटलं पोराची खोली उबदार होईल. माझीही चूक आहे, मी उभं राहून बघायला हवं होतं. चूक कुणाचीही होते.” मग त्यांनी पेन्सिलीनं वाशाकडं दाखवलं. “पण हे लाकूड. विटांच्या मागं दोन बोटांवर आहे. या विटा काढून परत बसवलेल्या दिसतात, वरचा गारा नवा आहे. चूक वेगळी आणि लपवणं वेगळं, मिस्त्री. हे तुम्ही बघितलं होतं का?”

सरांचा आवाज चढलेला नव्हता. वर्गात पोराला विचारावं तसं विचारलं. मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो, आजही सांगता येत नाही. हो म्हणणार होतो असं मला वाटतं. पण माणसाला स्वतःबद्दल बरंच काही वाटतं.

“म्या बगितलं हुतं,” हौसा मागून म्हणाली.

सगळे वळले.

“विटा माज्या हातानं सुटल्या. लाकूड दिसलं. ह्ये तवा बाजारात गेलं हुतं. मला वाटलं, ह्यांना सांगितलं तर काम वाडंल, दोन दिस जादा ऱ्हावं लागंल. म्हनून म्याच विटा लावल्या अन् गारा फिरवला. ह्यांना ठावं न्हवतं.”

एकदाही अडखळली नाही. माझ्याकडं बघितलंही नाही.

“मिस्त्री,” सर म्हणाले, “खरं आहे हे?”

खोलीत जळक्याचा वास होता, पाणी ठिबकत होतं. नऊ धुराडी होती. शनिवारी मी तिला म्हटलं होतं, तोंड उघडशील तर याद राख.

मी मान हलवली. हो म्हणून.

त्यानंतर जे झालं ते फार थोडं झालं. कुणी ओरडलं नाही. करुणानं दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाली, “द्या त्याला इकडे.” ताई म्हणाली नाही. हौसानं घोंगडं सोडलं, पदर सारला, चोळीतून त्याला अलगद काढलं. उबेतून निघाल्याबरोबर पोरगं कळवळून रडायला लागलं. हौसाचा हात एकदा त्याच्याकडं गेला, पण करुणानं पाठ फिरवली होती.

बाई हौसाजवळ आल्या. शांतपणे म्हणाल्या, “तुला स्वतःचं मूल असतं तर तू असं केलं नसतंस.”

आणि मी मूग गिळून उभा होतो. पाच हातांवर.

दुपारच्या गाडीनं हौसाला वाईला धाडायचं ठरलं. मी राहायचं, सगळं उकरून, मीठ काढून, जळकं लाकूड कापून, सरांच्या देखत लोकर भरायची. मी तिला स्टँडवर पोचवायला गेलो. गाडीला वेळ होता. बाकावर बसल्यावर तिनं माझा हात ओढून मांडीवर घेतला. तळव्याचं कातडं सोललं होतं. तिच्याकडं पोराच्या तेलाची बाटली होती, चुकून कमरेला राहिलेली. ती तेल लावायला लागली.

“का केलंस?” मी विचारलं.

“ह्या हाताला काम मिळालं पायजे.”

“आणि तुझं काय?”

ती तेल चोळत राहिली. “मला कोन लेकरू देनार हुतं तसंबी,” ती म्हणाली. “इतकं दिस दिलं, लई झालं.”

मी उठायला हवं होतं. बंगला पंधरा मिनिटांवर होता. मी तिथं जाऊन चार शब्द बोललो असतो तर ते पोर परत तिच्या मांडीवर आलं असतं, तिचा खण तिला मिळाला असता. मी तिला तिकीट काढून दिलं आणि खिडकीशी उभा राहिलो. गाडी घाटाला लागेपर्यंत उभा होतो, एवढंच.

मग आठ दिवस मी लोकर भरली. सरांचं बरोबर होतं. पेटीची सगळी ऊब पुढं खोलीत यायला लागली आणि मागची भिंत हाताला नुसती कोमट. पोराची खाट हॉलमध्ये आणली. नव्यानं सात जाळ घातले. सातवा मी पेटवला, एकट्यानं. मुख्याध्यापक आले, बघून गेले. बाईंनी हिरवा खण ट्रंकेवरून उचलून आत ठेवलेला मला दिसला.

नऊ धुराडी मला मिळाली. प्रत्येक ठिकाणी मी आधी विटा काढून मागं हात घालून बघायचो. दोन ठिकाणी लाकूड निघालं, दोन्ही वेळा सांगितलं. मी प्रामाणिक मिस्त्री म्हणून पाचगणीत नाव झालं. हौसा घाट चढून कधी वर आली नाही. गारा मी परक्या बायांकडून कालवून घेतला, आणि तो कधी तिच्यासारखा झाला नाही.

दोन वर्षांनी, शेवटच्या धुराड्याचं काम चालू असताना, करुणा शाळेच्या आवारात भेटली. पोराचं बोट धरून चालली होती. लाल टोपी, गाल वर आलेले.

“मिस्त्री, तुमच्या बाई नाही आल्या?” तिनं विचारलं. मग म्हणाली, “मी तेव्हा फार तोडून वागले. आईही बोलू नये ते बोलली. त्यांनी चूक केली, पण त्या दिवशी त्याला जगवलं ते त्यांनीच. सांगाल का त्यांना?”

आता यापेक्षा उघडं दार कुणाला मिळणार? ती समोर उभी होती, पोर समोर उभं होतं, आजूबाजूला कुणी नव्हतं. शेवटचं धुराडं होतं, जायचंही काही उरलं नव्हतं.

“सांगतो,” मी म्हणालो. “तिला आता घाट झेपत न्हाई.”

संध्याकाळी घरी आलो. हौसा भाकरी थापत होती. मी करुणाचा निरोप सांगितला, शब्दन् शब्द. तिनं तो ऐकून घेतला. मी तिथं काय बोललो, काय नाही, हे तिनं विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही. परातीकडं बघतच म्हणाली,

“चालाय लागलं का?”

“लागलं.”

“केवडं झालं?”

मी गुडघ्याच्या वर हात धरून दाखवलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी ती त्या हाताकडं बघत होती.